पुडी न घेता या

माल्सुन शेकोटीला येईनाशी झाली तेव्हा बायका आधी म्हणाल्या, "दुःखात आहे बिचारी, येईल हळूहळू." जूनमध्ये म्हणाल्या, "ताठा चढलाय." सप्टेंबर लागला तसं त्यांनी म्हणायचंच सोडून दिलं, आणि हे सगळ्यात वाईट. चार बायका नावं ठेवतात तोवर माणूस गावात असतं. नावं ठेवणंही थांबलं की समजावं, आता आपण असलो काय नि नसलो काय.

कोरियातल्या जेजूच्या दक्षिणेला आमचं बेट म्हणजे काळ्या दगडांचा टीचभर तुकडा, घरं साठ. पुरुष काय करतात ते मला विचारू नका. बायका समुद्रात बुड्या मारतात आणि तळातून शंख-शिंपले काढतात. नळी नाही, हवेची टाकी नाही, छातीत मावेल तेवढा श्वास. वर आलं की तो कोंडलेला श्वास शीळ होऊन सुटतो, आणि प्रत्येकीची शीळ वेगळी. एकटीनं पाण्यात जायचं नाही, जोडीनं जायचं. जोडीदारणीची शीळ कानावर येत राहिली पाहिजे, ती जिवंत असल्याची तेवढीच खूण. बाहेर आलं की काळ्या दगडांच्या रिंगणात शेकोटी, तिथे ज्येष्ठतेनं बसायचं, कपडे बदलायचे, गरम पेज प्यायची. गावातलं लग्न, भांडण, मयत सगळं तिथेच ठरतं. नवऱ्यांना ते जेवताना कळतं.

माल्सुन त्रेसष्ट वर्षांची. पहिल्या फळीतली, म्हणजे खोल जाणारी. शेकोटीची वाऱ्यापासून आडोशाची बाजू तिची आणि तिच्या जोडीदारणीची, ओक्रानची, चाळीस वर्षांपासून. नवरा कधीच गेला, मुलगी दूर शहरात, पुसानला. पण ओक्रान होती तोवर माल्सुनला कुणी एकटी म्हटलं नसतं. दोघी पाण्यात एकत्र, शेकोटीला एकत्र, आणि घरी जातानाही बांधावर उभ्या राहून अर्धा तास बोलत राहायच्या, जणू दिवसभर भेटल्याच नाहीत.

मार्चमध्ये ओक्रान पाण्यातच गेली. वर आलीच नाही. "मी दोन हातांवर होते, एकदम झालं," असं माल्सुननं सांगितलं, आणि सगळ्यांनी मान हलवली. तेव्हापासून ती शेकोटीला आली तरी घटकाभर टेकून उठायची.

दात दुखायला लागला जूनमध्ये. आधी नुसती कळ यायची नि जायची. मग भाजल्या जवाचा चहा तोंडात घेतला की डाव्या जबड्यात असं काही उसळायचं की कप खाली ठेवायलाही सुचायचं नाही. चहा गिळून झाला तरी अर्धा तास ठणका चालूच. आडवं पडलं की आणखी वाढायचा, म्हणून ती भिंतीला टेकून झोपायला लागली. विचित्र गोष्ट अशी की गार पाण्यानं थांबायचं. गार घोट गालात धरला की ठणका कुणी कान पिळावा तसा गप्प. घोट कोमट झाला की पुन्हा सुरू.

मग काय करणार? शेकोटीला बसलं की धग गालाला लागायची, हातात गरम वाडगं यायचं, सगळ्या प्यायला लावायच्या. माल्सुन कपडे बदलून किनाऱ्यावरच्या गोड्या झऱ्यापाशी जाऊन बसायला लागली. तो झरा भर उन्हाळ्यात हात बधिर करतो. तिथे जवाचा गार भात, गार पाण्यात कालवलेली सोयाबीनची चटणी आणि काकडी, एवढंच जेवण. वारा फिरला की शेकोटीचा धूर आणि बायकांचं हसणं तिथवर यायचं.

"अगं, दात दुखतो म्हणून कुणी शेकोटी सोडतं का?" एकदा चुनवोलनं हटकलं. चुनवोल म्हणजे बायकांची म्होरकी, सत्तरीची, आवाज असा की लाटेपलीकडे ऐकू जावा. "मिठाच्या गुळण्या कर. सोजू दारूचा एक घोट धर तोंडात. आमच्यात बसून कण्ह, काय बिघडलं?"

"बरं वाटलं की येईन."

"जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. दात आहे का पाहुणा, जायचं नावच घेत नाही?" मग ती जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, आणि तिचा उतरलेला आवाज ओरडण्यापेक्षा जड असतो, "माल्सुन, एक ऑक्टोबरला शंख काढण्यावरची बंदी उठते. त्या दिवशी शेकोटीला जोड्या ठरतील. जी आमच्यात बसते तिला जोडी. उन्हाळाभर तू गुडघाभर पाण्यात एकटी शेवाळ उपटलंस, मी डोळेझाक केली. आता नाही करणार. आलीस तर समुद्र तुझा. नाही आलीस तर घरी बसून लसूण सोलायचा."

समुद्र गेला तर माल्सुनजवळ काय राहणार होतं? एक खोली, एक रेडिओ आणि रविवारी पुसानहून येणारा फोन, तोही "जेवलीस का" वर सुरू होऊन "जप हं" वर संपणारा. तिनं ठरवलं, दात काढून टाकायचा. दात गेला की शेकोटी परत मिळेल, शेकोटी मिळाली की समुद्र. हिशेब इतका सरळ तिला वाटला.

दाताचा डॉक्टर पंधरवड्यातून एकदा, गुरुवारी, बोटीनं यायचा. प्यो आडनावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा, देगूचा, डोंगरांमधला. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीऐवजी सरकारनं त्याला बेटांवर पाठवलेला. बोटीतून उतरायचा तेव्हा तोंड काकडीसारखं हिरवं असायचं. शाळेच्या एका खोलीत पेटी उघडून बसायचा आणि पहिला तास स्वतःच पाणी पीत राहायचा.

माल्सुन खुर्चीत बसली, तोंड उघडलं आणि बोट दाखवलं. "हा. खालचा, डावा, सगळ्यात मागचा. काढा."

डॉक्टरनं आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर टकटक केलं. "इथे दुखलं? इथे?"

"नाही."

गारेगार औषधाचा बोळा एकेका दाताला लावला. "आता?"

"नाही."

"इथे? जरासुद्धा नाही?"

"अहो, नाही म्हणतेय ना."

तो बुचकळ्यात पडला. खालच्या दाढेत त्याला काहीच दिसत नव्हतं. वरच्या दोन दाढांमधल्या फटीत काळपट सावली होती, पण म्हाताऱ्या तोंडात अशा सावल्या दहा असतात. "आजी, मुळात दुखतं कधी?"

"गरम लागलं की."

"आणि गार?"

"गारानं तर बरं वाटतं. पाण्यात असते तेव्हा काहीच नाही बघा. तोंडात समुद्राचं पाणी घेते नि गालात धरते. समुद्र असताना मला डॉक्टर लागत नाही. बाहेर आले की लागतो."

डॉक्टरनं आरसा खाली ठेवला. "म्हणजे आतली नस सुजलीय," तो म्हणाला. "दाताच्या आत जागा कुठे असते सुजायला? चारी बाजूंनी दगडी भिंती. गरम लागलं की आत दाब वाढतो, गारानं जरा उतरतो. गारानं बरं वाटायला लागलं म्हणजे नस वाचायची राहिलेली नाही, मरायला टेकलीय. पण कुठल्या दाताची, ते मला कळत नाहीये."

"मी सांगतेय ना कुठल्या!"

"दुखणं फसवतं, आजी. वरच्या दाताचं खालच्यात वाटतं, खालच्याचं वरच्यात. माणसाला शपथेवर खरं वाटतं, आणि असतं भलतीकडेच." मग त्याला काहीतरी सुचलं. "आज काही औषध घेतलंय का तुम्ही?"

"औषध कसलं? पुडी घेतली."

"कसली पुडी?"

"डोकेदुखीची. दुसरी कसली असणार?"

त्याला हे ठाऊक नव्हतं, देगूच्या माणसाला कसं असणार. आमच्याकडे पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक बाई पुडी घेते. खाली कान फुटायला येतात, डोकं भणभणतं, म्हणून आधीच घेऊन ठेवायची. नंतर नंतर ती कुठल्याही अवघड कामाच्या आधी घ्यायची सवयच लागते. सुनेच्या माहेरी जायचं असलं तरी घेणाऱ्या आहेत.

"किती पुड्या?"

"तीन."

"तीन! कशाला?"

"अहो, तुमच्याकडे यायचं होतं ना!"

डॉक्टरनं कपाळाला हात लावला आणि हसला. माल्सुन हसली नाही. "दुखणं बंद करून आलात, आता शोधू कुठे मी?" तो म्हणाला.

"शोधायचं काय त्यात? हा काढ." रागानं तिचं अहो-जाहो गळून पडलं. "दाताची मालकीण मी. मी म्हणते काढ."

"नाही काढणार."

"का? भीती वाटते?"

"हो," तो पटकन म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "गेल्या महिन्यात पलीकडच्या बेटावर एका आजोबांनी असंच बोट दाखवलं. मी काढला. चांगला होता तो. दुखणं तसंच राहिलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत, उलट वाळवलेला मासा दिला जाताना. तो मी अजून खाल्लेला नाही."

कुणी एक शब्द बोललं नाही म्हणजे काय होतं, हे माल्सुनला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

"पुढच्या खेपेला पुडी न घेता या," डॉक्टर म्हणाला. "आदल्या दिवसापासून नाही. दुखणं सोबत घेऊन या."

ते चौदा दिवस तिनं झऱ्यापाशीच काढले. आता तिथे बसून ती कसला विचार करायची ते सांगून टाकतो, कारण तिनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. मार्चमधल्या त्या दिवशी ती ओक्रानपासून दोन हातांवर नव्हतीच. पाणी स्वच्छ होतं, आणि मोठ्या खडकाला वळसा घालताना तिला पलीकडे दोन चपटे शिंपले दिसले, सगळ्यात महागाचे, बशीएवढे. नजरेआड जायचं असलं तर जोडीदारीण वर येईपर्यंत थांबायचं, हाक मारायची, मगच जायचं. हे दहा वर्षांच्या पोरीलाही शिकवतात. माल्सुन थांबली नाही. हाकही मारली नाही. एवढ्याशा कामाला काय हाक मारायची, आत्ता येते, असं म्हणून गेली. तीन बुड्या. शिंपले खडकापासून सुटेनात. तिसऱ्या बुडीला सुटले. ती वळसा घालून परतली तेव्हा ओक्रानचा तुंबा, वर आल्यावर धरायचा तो, पाण्यावर एकटाच डोलत होता.

शेकोटीला तिनं दोन हातांवर असल्याचं सांगितलं ते ठरवून नाही. तोंडातून गेलं. आणि एकदा गेल्यावर ते परत कसं घ्यायचं? मग जूनमध्ये दाताचं दुखणं आलं. खरं सांगायचं तर ते आल्यावर तिला आतून कुठेतरी सुटल्यासारखं झालं. का येत नाहीस, असं कुणी विचारलं तर आता उत्तर होतं. दात.

गुरुवारी ती पुडी न घेता गेली. रात्रभर भिंतीला टेकून बसलेली, डोळे लाल, आणि हातात झऱ्याच्या पाण्याची बाटली. दर दोन मिनिटांनी एक घोट. डॉक्टरनं बाटली पाहिली आणि काही न विचारता मान डोलावली, जणू बाटलीनंच सगळं सांगितलं.

त्यानं मुख्याध्यापकांच्या बायकोकडून गरम चहाची किटली मागवून घेतली होती. "आजी, आता बाटली माझ्याकडे द्या," तो म्हणाला. "एकेका दातावर गरम थेंब सोडतो. दुखलं की माझं मनगट धरा. दुखल्याशिवाय धरू नका."

खालची मागची दाढ. कापसानं आजूबाजूचं झाकून त्यानं पिचकारीनं थेंब सोडला आणि वाट बघितली. काही नाही. "थांब, जास्त सोड," ती म्हणाली, कारण तिचा अजून त्याच दाढेवर आरोप होता. आणखी सोडला. काही नाही. तिच्या शेजारची. काही नाही. मग वरची, मागून दुसरी.

माल्सुननं मनगट असं धरलं की किटली कलंडली. आवाज निघाला तो शाळेच्या मैदानापर्यंत गेला, पोरं खिडकीशी जमली. पाण्याखाली चाळीस हात जाऊन बिनआवाज परत येणारी बाई ती.

"सापडला," डॉक्टर म्हणाला.

"पण दुखतंय खाली!" ती गाल दाबून ओरडली. "खालीच दुखतंय, आत्ता, या घडीला!"

"दुखू दे. मी सुई वर मारतो. वरची बधिर झाल्यावर खालचं थांबलं तर माझं खरं. नाही थांबलं तर तुमचं खरं, काढतो खालची."

सुई वर गेली. तिनं डोळे मिटले. बोटीचा भोंगा वाजला, पोरांना कुणीतरी हाकललं. आणि खालच्या जबड्यातला ठणका, तीन महिन्यांचा, ज्याला ती नाव घेऊन शिव्या द्यायची, तो कमी कमी होत गेला आणि थांबला. बाटलीशिवाय थांबला. तिनं जिभेनं खालची दाढ चाचपली, बिचारी शहाण्यासारखी जागेवर उभी. एवढ्या दिवसांत तिनं हिचाच जीव घ्यायचा चंग बांधला होता.

मग त्यानं दाढ पोखरली आणि केसासारख्या तारेनं आतली नस ओढून काढली. कापसावर ठेवून दाखवली. लालसर, ओला, दोऱ्याचा तुकडा वाटावा असा.

"एवढंसं?" माल्सुन म्हणाली. जीभ बोबडी झालेली.

"एवढंसंच. दात राहील तुमचा. मुळं नीट भरायला आणखी दोनदा यावं लागेल. पण दुखायचं ते संपलं. आता गरम खा, गार खा."

तिनं झऱ्याची बाटली खिडकीबाहेर रिकामी केली. जाताना म्हणाली, "तो मासा खा रे. खराब होईल."

एक ऑक्टोबरला आकाश स्वच्छ, ओहोटी सकाळी लवकर. शेकोटीला माल्सुन धरून अठरा जणी. माल्सुन आली तेव्हा बोलणं थांबलं आणि मग एकदम जास्तच सुरू झालं. तिची आडोशाची जागा मोकळी होती. ओक्रानचीही. सहा महिने कुणी तिथे सरकलं नव्हतं. माल्सुन बसली, आणि उजवीकडचा दगड तिच्या हाताला गार लागला.

"आली बाई एकदाची राणी," कुणीतरी म्हणालं. "दात आणलास की ठेवून आलीस?"

"आहे तोंडात. आतलं काढलं."

"घे मग पेज. गरम आहे, बघू तुझ्या डॉक्टरची करामत."

वाडगं हातात आलं. शिंपल्यांची पेज, तीळतेलाचा वास, वाफ. सगळ्या बघत होत्या. माल्सुननं घोट घेतला, डाव्या गालात धरला. दाढ गप्प. दुसरा घोट घेतला. दाढ गप्पच. चांगली गरम पेज, जूनपासून पहिली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेचना, वाडग्यात पडायला लागलं.

"अगं बाई, अजून दुखतोय? त्या पोराला म्हणावं..."

सगळा उन्हाळा या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं. आज शोधलं तर नव्हतं. डॉक्टरनं कापसावर काढून दाखवलं होतं आणि फेकून दिलं होतं.

"दात नाही दुखत," ती म्हणाली. "मी दोन हातांवर नव्हते. मी खडकामागे होते. दोन शिंपले दिसले मला. हाक मारली नाही मी तिला. खोटं सांगितलं तुम्हाला."

लाकूड तडतडलं.

"ठाऊक आहे," चुनवोल म्हणाली.

माल्सुनला कळेचना. "काय ठाऊक आहे?"

"त्या दिवशी तुझी जाळी मी रिकामी केली. सगळ्यात वर ते दोन होते. तसले शिंपले खडकाच्या पलीकडेच असतात, मला काय शिकवतेस? सगळ्यांनी पाहिले."

"तेव्हापासून? तेव्हापासून ठाऊक होतं?" तिचा आवाज फाटला. "मग बोलला का नाहीत? शिव्या द्यायच्या होत्या! सहा महिने एक शब्द..."

"तू बसलीस कधी आमच्यात?" चुनवोल म्हणाली. "झऱ्यापाशी येऊन शिव्या देऊ? शिव्या काय, रडणं काय, ते इथे बसून होतं. आम्ही वाट बघितली. ओक्रानसाठी आम्ही सगळ्या इथे रडलो. तूच तेवढी नव्हतीस."

माल्सुननं पेज संपवली, कारण हातात होती.

मग जोड्या ठरल्या. एकेकीचं नाव पुकारलं गेलं, दोघी-दोघी उठून बाजूला झाल्या. माल्सुनचं नाव कुणी घेतलं नाही. ज्या तिला मावशी म्हणत मोठ्या झाल्या त्याही आपापल्या बुटांकडे बघत राहिल्या. शेवटी शेकोटीला दोघीच उरल्या.

"माझी जोडीदारीण गुडघे गेले म्हणून घरी बसली," चुनवोल म्हणाली. "चल माझ्याबरोबर. पण मी ओक्रान नाही. गप्पा नकोत मला आणि तुझा भरवसाही नाही अजून. नजरेआड गेलीस की जोडी मोडली."

"हो," माल्सुन म्हणाली.

पाणी कमरेला लागलं तशी तिला हुडहुडी भरली. बाकीच्या जोड्या बोलत, एकमेकींवर पाणी उडवत पुढे गेल्या होत्या. चुनवोलनं एकदा मागे वळून पाहिलं आणि बुडी मारली. माल्सुननं सवयीनं समुद्राचं पाणी तोंडात घेतलं, डाव्या गालात धरलं. काही झालं नाही. नुसतं खारट लागलं. तिनं ते थुंकलं आणि चुनवोलची शीळ ऐकू येईपर्यंत तुंब्याला धरून तिथेच थांबली.